लाभाची पायली

रत्नागिरीत मला नावानं ओळखणारी माणसं थोडी, ‘लाभवाल्या बाई’ म्हणून ओळखणारी पुष्कळ. बाजारात भेंडी निवडत असले की एखादा केस विरळ झालेला गृहस्थ पुढे येतो, पिशवी डाव्या हातात घेतो आणि वाकून म्हणतो, “बाई, तुम्ही नसता तर कॉम्प्युटरमधलं ते शून्य मला जन्मात कळलं नसतं.” मी हसते, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करते आणि भेंडी तशीच टाकून घरी येते. मागे एका मंडळानं माझा सत्कार केला. तीस वर्षं नवशिक्यांना कॉम्प्युटरच्या भाषा शिकवल्या म्हणून, आणि ‘पहिली पायली’ ही माझी छोटी पुस्तिका तालुक्या-तालुक्यांत गेली म्हणून. बोलणारे म्हणाले, इतकं घरगुती उदाहरण सुचायला आतून शिक्षक असावं लागतं. मान खाली घालून मी ते ऐकलं. लोकांना तो विनय वाटला. नारळ येताना देवळात ठेवून आले, शाल अजून घडी मोडून पाहिलेली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी काय खाल्लं ते आता साठी उलटल्यावर सांगते आहे, आणि तेही कुणी विचारलं म्हणून नव्हे.

आमचं घर एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला होतं. तीन खोल्या, वर कौलं, मागं न्हाणीघर आणि दारात एक कापा फणस. आमचे अण्णा स्टँडवर नोकरीला होते आणि लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यामुळे दिवसभर वडील घरात नसले तरी वडिलांचा आवाज घरात असायचा. “देवरूखकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे” हे ऐकून आई भाताचं आधण ठेवायची आणि जयगडची गाडी पुकारली की दुपारचा चहा. घरी आले की त्यांचा आवाज काही सुटत नसे. आंघोळीचं पाणी तापलं की ते न्हाणीच्या दारात उभं राहून “पाणी फलाट क्रमांक एकवर लागलेलं आहे, प्रवाशांनी त्वरा करावी” असं म्हणत. आई म्हणायची, “पुरे झालं तुमचं, शेजारी हसतात.” शेजारी हसतच असत. आईचे गुडघे तेव्हापासूनच धरलेले होते. खाली बसली की उठायला तिला भिंत लागायची.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मुंबईत एका औषधांच्या गोदामात कामाला होता आणि एका खोलीत सात जणांत राहायचा. त्याचं लग्न देवरूखच्या पलीकडच्या एका वाडीतल्या मुलीशी झालं. सुमन तिचं नाव. दहावी झालेली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उंच, आणि हसताना तोंडावर पदर धरणारी. सात जणांच्या खोलीत बायको कशी नेणार? म्हणून वहिनी आमच्याकडे राहिली. गणपतीला दहा दिवस आणि शिमग्याला पाच दिवस दादा यायचा. तो यायच्या आधी आठवडाभर वहिनी आमसुलं उन्हात टाकताना गुणगुणायची, आणि तो गेला की दोन दिवस तिच्या भाकऱ्या जाड व्हायच्या. एरवी तिच्या तांदळाच्या भाकरीला तोड नव्हती. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग चुलीवर कुळथाच्या पिठल्याचा वास, आणि त्या आवाजावर आणि वासावर मी आणखी अर्धा तास झोपून घ्यायची. घरातलं पाणी, चूल, आईचे पाय चेपणं, सगळं तिच्याकडे गेलं होतं. कुणी ते तिच्यावर लादलं असं नाही. तिनं एकेक उचललं आणि आम्ही एकेक सोडलं.

दिवाळीनंतर तिच्या माहेराहून एसटीच्या टपावर तांदळाची गोणी आली. आई पाटावर बसली, मी दाराशी, आणि वहिनी पायलीनं तांदूळ मापून कणगीत ओतायला लागली. पहिली पायली तिनं काठोकाठ भरली, तळहातानं सपाट केली, मोठ्यानं “लाभ” म्हणाली आणि ती कणगीत न ओतता सुपात ओतली. दुसरी भरली आणि म्हणाली, “एक.”

“अगो, दोन झाल्या,” आई म्हणाली.

“नाय आई, एकच. पयला तो लाभ.”

“मग सुपातला तांदूळ मोजायचाच नाही का?”

“मापलाय ना. फक्त त्याला एक म्हनायचा नाय. आमच्या वाडीत असांच मापतात.”

दहा म्हणाली तेव्हा अकरा पायल्या झाल्या होत्या. मग तिनं सुपावर धुतलेलं फडकं टाकलं आणि तो लाभाचा तांदूळ शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंना देऊन आली. लाभाची पायली मापणाऱ्याच्या घरात ठेवत नाहीत म्हणे. आईला ते फारसं रुचलं नाही, पण तांदूळ तिच्या माहेरचा, रीतही तिच्या माहेरची, बोलणार काय? मी मात्र बोलले. पुढे महिनाभर घरात काही मोजायचं निघालं की मी “देवरूखचं गणित लावा” म्हणायची आणि अण्णासुद्धा हसायचे. वहिनी पदर तोंडाला लावायची. तिला वाईट वाटायचं की नाही हे मी त्या वेळी पाहिलं नाही.

मी तेव्हा नुकती कोल्हापूरला मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा वर्षभराचा डिप्लोमा करून आले होते. गावात पहिलावहिला क्लास निघाला, कापडदुकानाच्या माडीवर. क्लास काढणाऱ्या आमच्या सरांनी मला शिकवायला ठेवलं. चार कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, खिडकीत घरघरणारा एसी आणि दाराबाहेर चपलांची रांग. देवळात जावं तसे लोक आत यायचे. मला मॅडम म्हणायचे, आणि बाविसाव्या वर्षी मॅडम हा शब्द फार लवकर डोक्यात जातो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते मी साक्षात केलं आहे. घरी ताट उचललं तरी मी थकलेय असं आई म्हणायची.

वहिनीला क्लासला घालायचं दादाच्या मनात आलं. त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ दादरला पार्सलचं ऑफिस चालवत होते. त्यांना कॉम्प्युटर येणारी, सर्टिफिकेट असलेली बाई हवी होती. दोघं मिळवते झाले तर डोंबिवलीकडे एक खोली भाड्यानं घेता येईल असा दादाचा हिशेब होता. स्टँडवरच्या फोनच्या बूथमधून वहिनी त्याच्याशी बोलून आली त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात मला धरून सांगितलं, “वन्सं, मला तेवढां शिकवा. मी घरातलां सगळां करून येईन.” आणि खरंच, पहाटे चारला उठून दोन्ही वेळचं करून ती माझ्या मागून माडीचा जिना चढायची. तिला खोली हवी होती, नवऱ्यासकट. याहून दुसरं काही ती मागत नव्हती. आईनं “जा हो” म्हटलं, पण म्हणताना तिनं गुडघ्यावरून हात फिरवला, तो मी पाहिला होता.

त्या बॅचला सगळे कोरे. कुणाच्या घरी टाइपरायटरही नव्हता. कोर्टात कारकून असलेले पावसकरकाका निवृत्तीच्या तोंडावर होते, त्यांना नातवापुढे मागं पडायचं नव्हतं. बाकी बी.ए. झालेली मुलंमुली आणि आमची वहिनी. अशांना आम्ही थेट सी ही भाषा शिकवायचो. आज सांगताना हसू येतं. महिरपी कंस उघडला की तो मिटायचा, ओळ संपली की अर्धविराम द्यायचा, बरोबरची एक खूण म्हणजे ‘ठेव’ आणि दोन खुणा म्हणजे ‘आहे का ते बघ’. निम्मा वर्ग दोनाच्या जागी एकच खूण घालायचा आणि कॉम्प्युटर निमूटपणे चुकीचं उत्तर द्यायचा. काका प्रत्येक ओळीनंतर सवयीनं कोर्टाच्या अर्जासारखा पूर्णविराम देत आणि मग पडद्यावर आलेल्या तक्रारी चष्मा कपाळावर नेऊन वाचत. इथपर्यंत माझं बरं चाललं होतं, कारण इथपर्यंत नियम सांगून भागत होतं.

मग ॲरे आला. ॲरे म्हणजे एका नावाच्या डब्यांची ओळ. पाच डबे हवेत तर कंसात पाच लिहायचं. पण डब्यांना हाक मारताना पहिल्याला शून्य म्हणायचं, दुसऱ्याला एक, आणि शेवटच्याला चार. पाच म्हणून हाक मारलीत तर ओळीबाहेरचा कुठला तरी कचरा पडद्यावर येतो. मी फळ्यावर चौकोन काढले आणि सांगितलं. काकांनी हात वर केला.

“मॅडम, डबे पाच. मग पाच नंबरचा डबा गेला कुठं?”

“नसतोच तो, काका. शून्यापासून सुरू होतं.”

“पण शून्य म्हणजे काही नाही. आणि पहिल्या डब्यात तर माल आहे.”

“भाषेत तसंच असतं.”

“तसं का असतं?”

खरं उत्तर मला ठाऊक नव्हतं. आज ते मी दोन वाक्यांत देते, की तो आकडा डब्यांची मोजदाद नव्हे, ओळीच्या तोंडापासून किती डबे ओलांडून जायचं ते सांगणारा आहे, आणि पहिल्या डब्याशी जायला काहीच ओलांडावं लागत नाही. तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं, पाठ करून पास झाले होते. ‘माहीत नाही’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्याऐवजी मी डस्टर टेबलावर आपटला आणि म्हणाले, “कळत नसेल तर पाठ करा. लहान मुलांना कळतं हे.” माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. खिडकीतून अण्णांचा आवाज येत होता, खेडची गाडी सुटत होती.

चहाच्या सुट्टीत मी आतच बसून राहिले. बाहेर जिन्याच्या चौकात माठ ठेवलेला असे, तिथं सगळे चहा घेत. दाराच्या पडद्याआडून मला वहिनीचा आवाज आला. वर्गात ती कधी बोलायची नाही. ती म्हणत होती, “काका, ह्ये बघा. चहाचे पाच पेले हायत. आमच्याकडं भात मापतात तवा पयल्या पायलीला एक म्हनत नाय, लाभ म्हनतात. पायली भरलेली असते बरां का, रिकामी नाय. फक्त नाव लाभ. मंग दुसरीला एक. आता तुमी पुडं म्हना.” काका पेल्यांवर बोट ठेवत म्हणाले, “लाभ, एक, दोन, तीन, चार.” मग पुन्हा मोजले. “अरेच्या! पेले पाच, आणि शेवटच्याचं नाव चार!” “ह्यो कॉम्प्युटर आमच्या वाडीतला हाय काका. त्यो लाभाला शून्य लिवतो, येवढांच.” सगळे खो खो हसले. काकांनी मांडीवर थाप मारली आणि एक पेला फुटला. ते हसणं माझ्यावर नव्हतं. मला मात्र ते माझ्यावरच वाटलं, कारण जे मला अर्ध्या तासात जमलं नव्हतं ते तिला एका चहात जमलं होतं, आणि तेही ज्या गणिताची मी महिनाभर टिंगल केली त्या गणितानं. दुसऱ्या दिवशी काका भर वर्गात म्हणाले, “मॅडम, राग नसावा, पण तुमच्या वहिनींनी सांगितलं आणि डोक्यात शिरलं.” राग नाही असं मी म्हणाले.

परीक्षा क्लासचीच, सर्टिफिकेटही क्लासचंच, पण त्या काळी गावात त्याला वजन होतं. प्रात्यक्षिक मी घ्यायचं होतं. सर म्हणाले, “घरचं माणूस आहे म्हणून सवलत नको हं.” मी म्हटलं, “छे, सर.” प्रत्येकाला एकच चिठ्ठी: पाच वस्तूंची यादी अनुक्रमांकासह पडद्यावर आणा. मुलं घामाघूम झाली होती आणि मी मागून फिरत होते. काकांचा अर्धविराम राहिला होता, तिथं मी हळूच बोट दाखवलं. एका मुलीचा कंस मिटलेला नव्हता, तिला म्हटलं, “मोजून बघ.” दोघा-तिघांची यादी शून्यापासून छापली जात होती, त्यांना मी सांगितलं की छापताना आकड्यात एक मिळवा. सरांचा दंडकच होता, नवशिक्याला एक इशारा द्यायला हरकत नाही.

वहिनीच्या पडद्यापाशी आले. रोमन अक्षरांत पाच ओळी होत्या. लाभ, तांदूळ. एक, कुळीथ. दोन, नाचणी. तीन, काजू. चार, आमसूल. मी तिचा प्रोग्रॅम पाहिला. तिनं मुद्दाम अट घातली होती, की आकडा शून्य असेल तर त्याच्या जागी लाभ छाप. अटीत बरोबरच्या दोन खुणा होत्या, जागच्या जागी. कंस मिटलेले, अर्धविराम सगळे. असं काही मी शिकवलेलंच नव्हतं. शिकवलेल्या तुकड्यांतून तिचं तिनं जुळवलं होतं. वर्गात सगळ्यात पुढे तीच होती, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडापाशी नेत. मला आवडेल असं तिला वाटलं असणार. त्या क्षणी माझ्या मनात काय काय आलं ते जसंच्या तसं लिहायला हवं. चहाचे पेले आले, काकांची थाप आली. आणि त्याच्या मागोमाग आलं की ही मुंबईला गेली तर पहाटे चारला कोण उठणार? आईचे पाय कोण चेपणार? मी इशारा दिला नाही. वहीवर तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ लिहिलं, कारण चिठ्ठीत अनुक्रमांक मागितला होता आणि पहिल्या ओळीत अनुक्रमांक नव्हता. कुणी तपासलं असतं तर कागदावर माझी काही चूक निघाली नसती.

सर डोकावले. “हे लाभ काय आहे?” त्यांनी विचारलं. “काय की सर,” मी म्हणाले, “गावाकडचं काहीतरी.” वहिनी दोन हातांवर बसली होती, आणि हे तिनं ऐकलं.

संध्याकाळी घरी घावणे होते आणि नारळाचा रस. परीक्षा संपली म्हणून तिनं सकाळीच तांदूळ भिजत घातले होते. ताटं वाढून झाल्यावर तिनं विचारलं, “वन्सं, कुठं चुकलां माझां?” तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी घावण्याचा तुकडा रसात बुडवला आणि म्हणाले, “वहिनी, तुला अजून पायाच कळलेला नाही गं. प्रत्येकाचं डोकं त्यात चालतंच असं नाही.” ती “हां” म्हणाली आणि तव्याकडे वळली. मी त्या दिवशी चार घावणे खाल्ले. आईच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं होतं. अण्णांनी मात्र हात धुता धुता, कुणाकडेच न बघता, आपल्या पुकारायच्या आवाजात म्हटलं, “देवरूखची एक गाडी चुकली तरी पुढची असते. चौकशी खिडकीवर करावी.”

चौकशीची खिडकी म्हणजे मीच होते. कारण तिसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं, “एकट्याच राहिल्यात त्या. पंधरा दिवसांत प्रात्यक्षिक पुन्हा देता येतं, बसवा त्यांना. हुशार वाटतात.” मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही. आठवड्यानं सरांना सांगितलं, “घरी अडचण आहे सर, नाही म्हणाल्या.” एवढं वाक्य बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत. पावसकरकाकांचं सर्टिफिकेट त्यांनी चौकटीत लावलं. दादरच्या त्या गृहस्थांनी महिनाभर वाट पाहिली आणि दुसरी बाई ठेवली. दादानं फोनवर वहिनीला समजावलं, “असू दे, बघू पुढं.” पुढं काही आलं नाही. वहिनीला मुलगी झाली, ती बापाला गणपतीचा पाहुणा समजत वाढली. गोदामातून सुटून दादा कायमचा घरी आला तेव्हा त्याला खोकला लागलेला होता, आणि चारच वर्षांत तो गेला. त्याला शेवटची औषधं वहिनीच द्यायची. मोजून, चमच्यानं.

आणि मी? पुढच्या बॅचला ॲरेचा दिवस आला. सर मागच्या बाकावर बसले होते. मी पाच पेले मागवले आणि म्हणाले, “आपल्याकडे भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत.” वर्ग हसला, वर्गाला कळलं. सर खाली आल्यावर म्हणाले, “वा! हे कुठून सुचलं तुम्हाला?” मी म्हटलं, “सहज.” त्यांना परीक्षेतला पडदा आठवला नाही. त्या दिवसापासून तो लाभ माझा झाला. पुढे स्वतःचा क्लास काढला, लग्न केलं नाही, पुस्तिका लिहिली. तिच्यात पायली आहे, सूप आहे, तळहातानं सपाट करणंही आहे. शेजारच्या काकूंना तांदूळ नेऊन देणं मात्र मी लिहिलं नाही. घरात मी लाभाचा शब्द पुन्हा कधी काढला नाही आणि पुस्तिका वहिनीच्या हाती लागेल अशी कुठं ठेवली नाही. तिनंही कॉम्प्युटरचं नाव काढलं नाही. आता घरात आम्ही दोघीच असतो. पहाटे भाकरी थापल्याचा आवाज अजून येतो, जरा हळू. मी आता त्या आवाजाला उठते आणि जाऊन तिच्याशेजारी बसते, पण ते काही फिटणं नव्हे.

या मे महिन्यात वहिनीची नात खेडहून आली. सहावीतून सातवीत गेलेली. आता शाळेतच हे शिकवतात, आणि भाषा बदलली तरी शून्य तिथंच आहे. तिच्या बाईंनीच सुट्टीत वाचायला तिला एक पुस्तिका दिली होती. पोरगी ओटीवर पाय हलवत बसली होती, वहिनी सुपात तांदूळ निवडत होती आणि मी फणसाचे गरे सोलत होते. “आजी, ऐक ना,” ती म्हणाली, “हे आपल्या आत्याआजीनं लिहिलंय,” आणि मी काही बोलायच्या आत तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. पायली काठोकाठ भरायची. तळहातानं सपाट करायची. तिला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. माझ्या हाताला चीक लागलेला, मला उठताही येईना. वहिनीचे हात सुपात थांबले. पान संपेपर्यंत ती ऐकत राहिली.

“किती बेस सांगितलांय गो,” ती म्हणाली. “आमच्या वाडीतलांच की ह्यां. वन्सं, तुमी बरां ध्यानात ठेवलांत.” मग ती हसली, पदर तोंडाकडे नेत, आणि नातीला म्हणाली, “मी पन गेली होती हां वन्संच्या क्लासला. माझां डोकां नाय चाललां. तवा मला कुनी असां समजावून सांगितलां असतां ना, तर मी पास झाली असती.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर तो शोधला, आशेनं शोधला. तिला आठवतच नव्हतं. चहाचे पेले, काका, पडद्यावरच्या पाच ओळी, सगळं गेलं होतं. घावण्यांच्या ताटावर मी म्हटलेलं एक वाक्य तेवढं राहिलं होतं, आणि ते ती जवळजवळ चाळीस वर्षं खरं मानून बसली होती. मी म्हणाले, “वहिनी, हे तूच सांगितलं होतंस. काकांना. जिन्यात. मी पडद्याआडून ऐकलं.” ती पुन्हा हसली. “कायतरीच वन्सं! माझां डोकां कुठलां तेवढां.” मी शपथ घेतली, रडले, पेल्यांची आठवण दिली, काकांच्या हातून एक फुटला होता तेही सांगितलं. तिनं मला पाणी दिलं. बरीच आर्जवं केली तेव्हा ती म्हणाली, “बरां, असेल,” लहान मुलाची समजूत काढावी तसं, आणि सूप पुढं ओढलं. नात मात्र पुस्तिका मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती.

तिला पुन्हा परीक्षा देता आली असती त्या पंधरा दिवसांचं मात्र तोंडून निघालं नाही. ते मी इथं लिहिलं आहे. वहिनीला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून गणपतीला नात आली की हे तिला मोठ्यानं वाचून दाखवायला मी सांगितलं आहे, सगळं, काही न गाळता. पोरीनं विचारलं, “तेव्हा तू कुठं असशील, आत्याआजी?” मी म्हटलं, “इथंच. आजीच्या समोर.”